पोकरच्या डावावर ठरलेला मे महिना

फुकटच्या ऑनलाइन पोकर स्पर्धेत शहाणी माणसे फारशी भेटत नाहीत. गमावायला काही नसले की माणसे कशी वागतात, ते तिथे बघावे. सुरुवातीलाच अर्धी जनता डोळे मिटून सगळ्या चिप्स पुढे ढकलते. आपण त्यांच्यात पडू नये. चहा ठेवावा, तो उकळेपर्यंत ती एकमेकांना संपवतात.

खरा खेळ मधल्या टप्प्यात. प्रत्येक डावाआधी दोघांना पाळीपाळीने सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात, आणि ते वाढत जातात. नुसते बसून राहिलात तर तेच तुम्हाला खाऊन टाकतात. म्हणून ज्यांच्याकडे बेताच्या चिप्स आहेत नि ज्यांना बाहेर पडायची भीती वाटते, त्यांच्यावर चाल करावी. ते पत्ते टाकतात, म्हणजे डाव सोडतात, आणि ब्लाइंड आपल्याला मिळतात. एवढे साधे आहे.

तुमच्या निघोजच्या आजोबांना, म्हणजे माझ्या व्याह्यांना, मात्र ते समजत नाही.

तुमच्या आईने फोनवर सांगितले होते की पाहुण्यांची खोली एकच, तेव्हा मे महिन्यात तुमच्याकडे एकाच बाजूच्या आजी-आजोबांनी यावे. "आधी तुमी" "नाही, आधी तुम्ही" यात आठवडा गेला. शेवटी ठरले, स्पर्धेत जो जास्त टिकेल त्याने मे महिन्यात जायचे. रविवारी निघोजचे आजी-आजोबा चऱ्होलीला आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर व्याही आणि मी समोरासमोर बसलो, आपापला फोन घेऊन. माणसे गळत गेली, टेबले एकत्र झाली, आणि आम्ही दोघे एकाच टेबलावर आलो.

ते प्रत्येक वेळी पत्ते टाकून स्वस्थ बसत.

"व्याहीबुवा, तुमच्या चिप्स झिजताहेत," मी म्हटले.

"झिजू द्या. जमीनबी अशीच धरून ठिवली व्हती आमी. थांबल्यावर भाव येतो."

चिप्सना भाव येत नाही, हे मी सांगितले नाही. मी प्रत्येक चालीआधी विचार करत होते, त्यावरही त्यांचे बोलणे होतेच. "विहीणबाई, पत्तं खेळायचंय, पेपर न्हाई लिवायचा."

मग माझ्याकडे राजा आणि नव्वी आली. माझ्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले होते. मागे उरले दोघे, त्यात मोठा ब्लाइंड व्याह्यांचा. त्यांच्या चिप्स माझ्याहून जराशा जास्त. ते हरले तर त्यांच्याकडे जवळजवळ काही उरणार नव्हते. पुस्तकात घालावी अशी संधी. मी सगळ्या चिप्स पुढे केल्या. दुसऱ्याने पत्ते टाकले. व्याह्यांनी फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कॉल केला, म्हणजे माझ्याइतक्याच चिप्स लावल्या.

त्यांच्याकडे काय होते? सत्ती आणि दुर्री! पोकरमध्ये याहून भिकार पत्ते नसतात. टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्यांतले शेवटचे पान सत्तीचे निघाले, त्यांची जोडी झाली, आणि मी बाहेर.

"ह्या पत्त्यांवर कुणी कॉल करतं का?" मी विचारले.

"पत्तं कोन बघतंय?" ते म्हणाले. "मुलाच्या आईनं बोलावलं, मुलीकडच्यानं न्हाई म्हनायचं असतं का?"

विहीणबाई, म्हणजे तुमच्या निघोजच्या आजी, हसू दाबायला स्वयंपाकघरात गेल्या. तुमचे इथले आजोबा वर्तमानपत्रामागे गेले.

म्हणजे बोली, दबाव, भीती यांचा ज्या माणसावर काही परिणामच होत नाही, त्याच्यावर मी चाल केली. तुमच्या आई-बाबांचे लग्न लागून इतकी वर्षे झाली, तरी हा मनुष्य पोकरच्या टेबलावर मानपान करतो! थोड्याच वेळात तेही बाहेर पडले, अर्थात पुन्हा कुणाच्या तरी मानाखातर असणार. पण अट टिकण्याची होती, आणि ते टिकले.

निघताना चपला घालता घालता म्हणाले, "तुमीच जावा मे महिन्यात. आमी दिवाळीला जाऊ."

"अजिबात नाही," मी म्हटले. "दान मागायला मी खेळले नव्हते."

तेव्हा मे महिन्यात ते येतील. तुम्हाला पोकर शिकवायला बसतील. ते जवळ बसले की लाड करून घ्या, गोष्टी ऐका. फक्त ते सांगतील तो एकही डाव खेळू नका. आणि माझी चाल बरोबर होती. उद्या तेच पत्ते आले, तर मी तीच करीन.