बाहुल्यांच्या डोळ्यांना गेलेले तडे

वन्सं, आता या वयात आडपडदा कशाला? तुमच्या राखेच्या डब्याला मी कधीही हात लावला नाही. तुम्ही मात्र अजूनही माझ्याकडेच बोट दाखवता.

लग्न होऊन मी आले तेव्हा मागच्या खोलीत तुमचा बर्नर फुरफुरत होता. काळा चष्मा, केसांना घट्ट फडकं, एका हातात काचेची कांडी, दुसऱ्यात तार. खेळणीवाल्यासाठी तुम्ही बाहुल्यांचे डोळे करत होतात. तार आधी ज्योतीत लाल करायची, मगच तिच्यावर वितळलेली काच गुंडाळायची. "गार तारेवर काच बसते, पण मनातून फुटलेली असते," असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलंत. शिकवायला नव्हे, दम द्यायला. तयार डोळे गरम राखेत पुरायचे, डबा जुन्या रजईत गुंडाळायचा, संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही. काच आणि तार सारख्या चालीनं गार होत नाहीत. घाई केली की तारेपाशी केसाएवढा तडा.

तेच व्हायला लागलं. खेळणीवाल्याने अख्खा खोका परत पाठवला आणि पुढचा माल नको म्हणाला. तुमचं तेवढं एकच गिऱ्हाईक. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला भावाच्या घरात ताठ मानेनं राहायला तेवढाच आधार.

तुम्ही तार घासलीत, कांड्या बदलल्यात. तडे थांबेनात. मग नजर वळली माझ्याकडे.

"वहिनी, डबा कोणी उघडला?"

"मला काय त्यात दागिने सापडणार आहेत?"

"रजईची ही घडी माझी नाही."

"मग घडीलाच विचारा!"

तुम्ही डब्याला दोरा बांधलात. मी दारावरून गेले तरी तुमचे हात थांबायचे. शेवटी मीही पेटले आणि एका दुपारी दाराआड उभी राहिले.

आले कोण, तर तुमचे दादा! दोरा सोडला, चिमट्याने एक डोळा वर काढला, फू करून राख उडवली, उजेडात धरला आणि खुदकन हसले. मग दुसरा.

"अहो, काय करताय?"

"अगं, बघ तरी! आत्ता पापणी मिटेल असं वाटतं. आमच्या धाकटीचा हातच तसा!"

मी तुम्हाला तिथल्या तिथे बोलावलं. "स्वतःचं दादाच्या माथी मारता?" म्हणालात.

"मी आपलं... एखाद वेळी बघितलं असेल," ते पुटपुटले.

"बघितल्यानं कुठे काच फुटते?" तुम्हीच त्यांना सोडवलंत! ज्यांनी मला गार तारेचा धडा दिला, त्या तुम्ही!

त्या दिवसापासून त्यांनी डबा उघडला नाही आणि तडे बंद झाले. तुम्ही म्हणालात, "बघा, तुम्हाला पकडल्यावर कसं थांबलं!"

राहता राहिला खेळणीवाला. त्याच्याशी तुमचं वाजायचं, म्हणून मी बोलायचं ठरलं. नवे, धड डोळे डबीत घालून आपण दोघी निघालो. तुम्ही चपला घातल्यात आणि उंबऱ्यातच थबकलात.

"तिथे तुम्ही दादाचं नाव घ्याल."

"घेईन. तडे कशाने गेले ते सांगितल्याशिवाय तो पुन्हा माल घेईल का?"

तुम्ही चपला काढल्यात. मीही पिशवी खुंटीला लावली. खेळणीवाल्याकडे जायचं राहिलं, ते राहिलंच.