आधीच मानलेले आभार

आमच्या बुधवारच्या सभेतले किस्से लिहून ठेवायला मी एकदा दोनशे पानी वही आणली होती. पहिल्या पानावर तारीख टाकली, तेवढ्यात शांतवनभाऊंनी ती मागून घेतली आणि तिच्यात प्रार्थनाविनंत्या लिहायला सुरुवात केली. वही भरली. किस्से मात्र डोक्यातच राहिले आणि रद्दीसारखे साठत गेले. आज थोडी रद्दी काढतो.

सभा म्हणजे फार मोठं काही नाही. मीरा-भाईंदरमधली आम्ही सात-आठ मराठी ख्रिस्ती घरं. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता कुणा एकाच्या हॉलमध्ये जमतो. एक गाणं, बायबलमधले दोन शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, मग चहा. पहिला पाठ लांबलचक, तो पगारेकाकांचा. दुसरा दहा-बारा ओळींचा, तो बहुतेक वेळा माझ्या गळ्यात.

पगारेकाका छापखान्यात प्रूफरीडर होते. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण नजर अजून चुकाच शोधते. आभार कसे मानायचे याचा नियमही त्यांनीच घालून दिलाय. गोष्ट याच आठवड्यातली पाहिजे आणि नेमकी पाहिजे.

एकदा एक नवीन ब्रदर आले होते. त्यांची पाळी आली तशी हात जोडून म्हणाले, "प्रभू, सगळ्याबद्दल आभार!"

काका म्हणाले, "सगळ्याबद्दल म्हणजे कशाकशाबद्दल? डिटेल द्या."

ब्रदर पाऊण तास डिटेल देत होते. चहा दोनदा गरम करावा लागला.

काका स्वतः कधी मोठं काही बोलत नाहीत. "गवार कोवळी मिळाली, आभार." "जावयाचा फोन आला नाही, आभार." संपलं! पण पाठ वाचायला लागले की ऐकत राहावं. एक मात्रा इकडची तिकडे होत नाही, धाप लागत नाही. वीस वर्षं पहिला पाठ त्यांचाच आहे, आणि दुसऱ्या कुणाला तो मागायची छाती नाही.

*

शांतवनभाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहेत. सभा तेच चालवतात आणि त्यांच्या प्रार्थना लांब असतात. एकदा आमच्या घरी, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, सभा होती. त्या दिवशी सकाळपासून सगळ्या शहरातच नळाला पाणी नव्हतं. भाऊंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, वाळवंटातल्या पाण्याचे दाखले दिले, आणि बरोब्बर त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या नळाने फुसफुस करून धार सोडली!

भाऊंचा आवाज भरून आला. ते अजून दहा मिनिटं बोलले. "आमेन" म्हणून डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये आम्ही चार पुरुष उरलो होतो. बायका आपापल्या घरी पाणी भरायला गेल्या होत्या. माझी बायको स्वयंपाकघरात पिंप भरत होती.

काका म्हणाले, "देवाने पहिल्या मिनिटाला ऐकलं होतं."

*

समोरच्या फ्लॅटमध्ये खेडेकरवहिनी राहतात. रत्नागिरीकडच्या. आमच्या सभेच्या चपला त्यांच्या दारापर्यंत जातात म्हणून एकदा तक्रार करायला आल्या. बायकोने चहा दिला, बसवलं. आभाराची पाळी फिरत फिरत त्यांच्यापाशी आली. आम्ही त्यांना सोडून पुढे जाणार होतो, तर त्याच म्हणाल्या, "मी पण बोलू का? चालतं का आमचं?"

"बोला की!"

वहिनींनी पदर सावरला. "सासूबाई पंधरा दिवसांसाठी गावाला गेल्यायत. देवा, तुझे लय उपकार."

त्या दिवसाइतकं मोठं "आमेन" आमच्या सभेत त्याआधी ऐकू आलं नव्हतं. सगळं बायकांचं.

तीन आठवड्यांनी पुन्हा आमच्याकडे सभा होती. वहिनी आल्या, आणि मागोमाग त्यांच्या सासूबाई. आम्ही सगळे जमिनीकडे बघत बसलो. पाळी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस गावाला होते. कोणाची किरकिर नाय, टीव्हीचा आवाज नाय. देवाचे लय उपकार झाले हो!"

दोघी आता नियमाने येतात. शेजारी शेजारी बसतात.

*

आता आधीच आभार मानायची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी गडबड तिथूनच झाली.

शांतवनभाऊ कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, मिळाल्यावर कुणीही आभार मानतो. खरा विश्वास म्हणजे मिळण्याआधी मानायचे. मागितलं की मिळालंच असं समजायचं आणि मोकळं व्हायचं. सगळ्यांना पटलं. काकांना नाही.

"मिळालं की मानू," काका म्हणाले. "प्रूफ पुरतं वाचून व्हायच्या आधी फायनल म्हणून सही मी कधी केली नाही."

पहिला प्रयोग भाऊंनी स्वतःच्याच बिल्डिंगवर केला. लिफ्ट आठवडाभर बंद होती. बुधवारी सकाळी भाऊंनी ती स्वतः दुरुस्त केली आणि ट्रायल न घेता, लिफ्ट उत्तम चालल्याबद्दल ग्रुपवर आभाराचा मेसेज टाकला. संध्याकाळी सभेचं फरसाण घेऊन वर येताना तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये ते अडकले. जाळीच्या दरवाज्यातून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

वॉचमन धावत आला. म्हणाला, "टेन्शन मत लो साहब, मेकॅनिक को फोन लगाता हूँ."

त्याने फोन लावला. लिफ्टमध्ये रिंग वाजली.

सभा तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्येच झाली. काकांनी पाठ वाचला. भाऊंनी आतून आभार मानले. फरसाण जाळीतून पुड्या करून बाहेर आलं.

*

दुसरा प्रयोग करुणाताईंचा. ताई नर्स आहेत, भाईंदर पूर्वेला राहतात. त्यांचा मुलगा आशिष तेहेतीस वर्षांचा आणि लग्न जमत नव्हतं. ताईंनी विश्वासाने सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "देवाची स्तुती असो, आशिषचं लग्न जमलं!"

नगरहून मावशीने तारीख विचारली. पुण्याहून मामाने कुकर पाठवला. आशिषच्या ऑफिसवाल्यांनी पार्टी घेतली, बिल त्यानेच भरलं. आणि नायगावची एक चांगली मुलगी, जिच्या घरचे दोन दिवसांत ताईंना फोन करणार होते, त्यांनी फिरत आलेला तो मेसेज वाचला आणि म्हणाले, अरेरे, जमलं वाटतं!

त्या बुधवारी ताई फार रडल्या. मग ताईंची पाळी आली. ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "प्रभू, कुकर पाच लिटरचा आहे. आभार."

काकांनी मान डोलावली. "हे नियमात बसलं."

(नायगावकरांना मग काकांनीच फोन केला. "मजकुरात चूक होती," एवढंच म्हणाले. आशिषची मुलगी आता दीड वर्षाची आहे.)

*

काकांचे डोळे मात्र याच सुमारास बिघडायला लागले. उजवा आधीच गेल्यात जमा होता. डाव्यावर वाचन चाललं होतं. आधी पुस्तक जवळ आलं. मग आमच्या हॉलची ट्यूबलाइट बदलायला लावली. मग मोठ्या अक्षरांची प्रत आली, ती इतकी जड की मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवावी लागायची.

कुणीतरी त्यांना मोबाईलमध्ये वाचून दाखवणारं ॲप आणून दिलं. काकांनी अर्धं मिनिट ऐकलं. "चांगला वाचतो. बुधवारी त्यालाच बोलवा."

आणि एकदा चहा पिता पिता सरळ सांगून टाकलं, "मला वाचता येईना झालं की मी यायचा नाही. नुसतं बसायला मी काय पाहुणा आहे?"

ते बोलले तर बोलले, आम्हाला ठाऊक होतं की काका बोलतात तसंच करतात. रिटायर झाले त्या दिवसापासून छापखान्याच्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. त्यांना मूलबाळ एकच, मुलगी, ती नाशिकला. इथे ते, मार्थाकाकू आणि बुधवार. मला तर बापाच्या जागी तेच. बुधवार सुटला की काका घोडबंदरच्या त्या दोन खोल्यांमध्ये भिंतीकडे तोंड करून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन सांगितलं. नजर राहील किंवा जाईल, आधी सांगता येणार नाही म्हणाले. झालं! शांतवनभाऊंनी त्याच बुधवारी आभार मानायला सुरुवात केली. "प्रभू, काकांना दृष्टी दिलीस, उपकार." पुढच्या बुधवारी ताईंनी मानले. मग खेडेकरवहिनींनी, मग त्यांच्या सासूबाईंनी. चार महिने ओळीने.

शेवटी काका वैतागले. "माझ्या डोळ्यांचे आभार तुम्हीच मानून संपवलेत. मला काही ठेवलंय का?"

*

ऑपरेशन झालं. त्यानंतर तीन बुधवार काका आले नाहीत. फोन केला की मार्थाकाकू म्हणायच्या, "आराम करतायत." दिसतं का, असं विचारलं की म्हणायच्या, "जेवलात का तुम्ही?"

पहिला पाठ आम्ही कुणीच वाचला नाही. गाणं झालं की एकदम माझा दुसरा पाठ. भाऊ आभार मानत होते, पण आवाज खाली आला होता. तिसऱ्या बुधवारी तर ते काकांचं नाव घेऊन मध्येच थांबले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. काका.

"सुधीर, पुढच्या बुधवारी पहिला पाठ कोणता?"

मी उठून बसलो. "काका, येताय? एक स्तोत्र आहे, पण फार लांब आहे. छोटं निवडू का?"

"मी कोणता ते विचारलं. लांबी नाही विचारली."

मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी सभा करुणाताईंकडे होती. काका आले. काकूंचा दंड धरून. "जिन्यात अंधार आहे," दारातच म्हणाले. जिन्यात दोन दिवे होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, मांडीवर उशी घेतली, उशीवर ते जाडजूड पुस्तक. चष्मा पुसून घातला. कुणी काही विचारलं नाही. शांतवनभाऊ दोन्ही हात घट्ट धरून बसले होते.

गाणं नेहमी काकू उचलतात. आज त्यांनी ताईंना खूण केली. काकूंचा आवाज पार बसला होता. घोगराही निघत नव्हता. नुसते ओठ हलत होते.

"काय झालं हो काकू?" वहिनींनी विचारलं.

"हवा," काकू नुसत्या ओठांनी म्हणाल्या. आठवडाभर हवा चांगली होती.

गाणं संपलं. काकांनी पुस्तक उघडलं, पानावरून तळवा फिरवला आणि वाचायला लागले. तोच आवाज. तोच ठेका. कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. मध्ये एकदा बोट ओलं करून पानही उलटलं.

मी सहज त्यांच्या मांडीवर पाहिलं. काका स्तोत्र वाचत होते. उघडलेल्या पानावर वंशावळ होती. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, दोन्ही बाजूंनी भरलेली. अक्षरं चांगली बोटभर मोठी होती, माझा काही गैरसमज होण्यासारखा नव्हता. मी मान वर केली तर काकू माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचे ओठ काकांच्या ओळीबरोबर हलत होते. मी खाली बघितलं.

स्तोत्र संपलं. शेवटच्या ओळीपर्यंत एक मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती.

"ऐकली!" शांतवनभाऊ उभेच राहिले. "प्रभूने प्रार्थना ऐकली! बघा, दिसतंय काकांना!" खेडेकरवहिनींनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. करुणाताईंनी एकदाच काकांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं, मग चहाचं बघते म्हणून आत गेल्या. चहाला अजून अर्धा तास होता.

"पुढे चला," काका म्हणाले. "दुसरा पाठ कोण वाचतंय?"

मी वाचत होतो. पुस्तक माझ्या हातात होतं, पान बरोबर होतं, ताईंची ट्यूबलाइट डोक्यावर लख्ख होती. पण मला एक अक्षर दिसेना. सगळं पाण्यात गेलं होतं. पहिली ओळ अंदाजाने म्हटली. दुसरीत अर्धी ओळ गाळली. तिसरीत भलतंच काहीतरी बोलून गेलो.

काकांनी माझ्याकडे मान वळवली.

"सुधीर, अरे, नीट बघून वाच की!"