मला न विचारलेला प्रश्न

"पाहून सांगून राहिले, का ऐकून?"

हा तिचा प्रश्न. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कूलरच्या कारखान्यात तो ज्याच्या वाट्याला आला नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. विचारताना ती उजव्या हाताचा अंगठा ओढणीला पुसायची. हाताला ग्रीस लागायचं त्या दिवसांतली ती सवय. पुढे प्लांट हेड झाली, स्वतःची केबिन आली, तरी अंगठा पुसणं सुटलं नाही. पंप आले का, असं तिनं विचारावं, समोरच्यानं "आले मॅडम" म्हणावं, की हा प्रश्न आलाच. मग तो बिचारा गोदामाकडे पळायचा, आणि बऱ्याचदा पंप अजून ट्रकातच असायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर खोटं बोलायची सोय नसते. आमच्याकडे ती होती.

मी त्या कारखान्यातला तपासनीस. या हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुऱ्यात, आमच्या मराठी घराच्या चार पिढ्या झाल्या. कोणी मास्तर, कोणी कारकून, आणि मी कूलर तपासणारा. तयार कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो का, ते यंत्र लावून बघायचं. अर्थिंगची तार हाताने ओढून पाहायची. मग 'तपासले, ठीक आहे' अशा अर्थाचं हिंदी वाक्य छापलेल्या चिठ्ठीवर सही ठोकायची. ती चिठ्ठी सुतळीने कूलरच्या जाळीला बांधायच्या कामावर ही मुलगी आली, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. वडील पांढुर्ण्याकडचे, इथे एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, कामाला. बारावी झालेली. आमच्या कारखान्यात त्याहून खालचं काम नव्हतं.

पहिल्याच दुपारी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, त्या कूलरचं मागचं चाक उलटं बसवलं आहे."

"कोणत्या?"

"तिकडच्या चारहींचं."

चिठ्ठी बांधायला ती खाली बसायची, त्यामुळे तिची नजर चाकांच्या उंचीला यायची, हे खरं. पण त्या चारही कूलरना मी पास करून मोकळा झालो होतो. मी थक्क झालो, आणि थोडा चिडलोही. "तुझं काम चिठ्ठ्या बांधायचं," मी म्हणालो. "बांधूनच तर राहिली," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

पुढची अठरा वर्षं ती मला थक्कच करत राहिली. जेवणाच्या सुट्टीत डबा चटकन संपवून पंप बसवायला शिकली. वर्षभरात चिठ्ठ्या सुटल्या, हातात पाना आला. पत्रव्यवहारानं डिप्लोमा केला. मग लाइनची सुपरवायझर. तेव्हा दोन जुन्या कारागिरांनी बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून ताव दाखवला. ती म्हणाली, "ठीक है भैया, मैं आपके हाथ के नीचे करती हूँ," आणि आठवडाभर खरोखरच त्यांच्या शेजारी बसून मोटारी बसवल्या. आठव्या दिवशी ते दोघे मुकाट्यानं तिला विचारून काम करायला लागले.

त्यानंतर माल रवाना करण्याचं खातं तिच्याकडे आलं, मग सगळं उत्पादन. आणि एका सकाळी सेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना अंगणात गोळा करून सांगितलं की आजपासून प्लांट हेड हीच. मी टाळ्या वाजवल्या, पण माझे हात काय करताहेत ते मलाच कळत नव्हतं. माझ्याकडच्या चिठ्ठ्या बांधणारी पोरगी माझी साहेब झाली होती! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग? तुम्ही तिथेच बसलात, ती उठून चालायला लागली." बायको माझी, पण बाजू तिची.

तिला काय म्हणावं, हा माझा मोठा घोळ. मीटिंगमध्ये 'मॅडम', फाटकाशी 'अगं'. एकदा गडबडीत 'अगं मॅडम' म्हणालो. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, तुम्ही आपलं अगंच म्हणत जा," ती म्हणाली. "तसं म्हणणारं इथं दुसरं कोणी नाही मला."

आता जे सांगायचं आहे ते मी बरेच दिवस टाळतो आहे.

सीझनला, म्हणजे मार्चपासून पुढे, आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ट्रक रांगेत उभे असतात. त्या दिवसांत एक पद्धत पडली होती. सकाळी चहाबरोबर मी शंभर-दीडशे कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून गठ्ठा देऊन टाकायचा, आणि कूलर जसजसे तयार होतील तसतशा त्या तारखेचा शिक्का मारून बांधल्या जायच्या. सुरुवातीला मी मागाहून प्रत्येक कूलर तपासायचोच. मग पाचातला एक. मग आवाज नीट येतो का, तेवढंच. काही झालं नाही, म्हणून पद्धत चालू राहिली. तो गठ्ठा माझ्या हातातून घेणारी पहिली मुलगी तीच होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भाच्याची मुंज होती, नागपूरला. दोन दिवसांची रजा. निघायच्या आधी तीनशे चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. त्या दिवशी गठ्ठा न्यायला ती स्वतः आली. "मुंजीत जास्त जेवू नका भाऊ, ऊन आहे," म्हणाली. आणि गठ्ठा घेऊन गेली.

या वर्षी जूनमध्ये दुकानदाराकडून तक्रार आली. अधारताल वस्तीतली एक बाई फरशी पुसत होती. ओल्या हातानं कूलरला टेकली आणि चिकटली. सासूनं मेन स्विच बंद केला म्हणून जीव वाचला, पण उजवा हात भाजला, दोन बोटं वळेनाशी झाली. कूलर उघडून पाहिला तर अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. जाळीला चिठ्ठी तशीच. तिच्यावर माझी सही आणि तारीख. ती तारीख मुंजीची होती.

सेठजींनी चिठ्ठी आणि हजेरीचं रजिस्टर शेजारीशेजारी ठेवलं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. "साइन आपका है, और आप उस दिन यहाँ थे ही नहीं," ते म्हणाले. मला काढून टाकायचं आणि प्रकरण मिटवायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईचा हात आठवला नाही. मी तिच्याकडे, आमच्या प्लांट हेडकडे बघत होतो. ही मला वाचवेल, असं मला वाटत होतं.

तिनं एक कागद पुढे सरकवला. त्यावर पहिल्या ओळीत माझं नाव होतं. सहीचा अधिकार आजपासून बंद, निवृत्तीपर्यंत गोदामात काम. मी वाचून सुन्न झालो. दुसऱ्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं, आणि पुढे राजीनामा.

सेठजी उठूनच उभे राहिले. "आपका इसमें क्या लेना-देना?"

"गट्ठा मैं खुद ले गई थी," ती म्हणाली. "गाड़ियाँ टाइम पे निकलती थीं, इसीलिए आपने मुझे आगे बढ़ाया. टाइम पे क्यों निकलती थीं, मुझे मालूम था."

त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. पगारवाढ, रजा, सगळं देऊ केलं. ती ऐकत राहिली आणि अंगठा पुसत राहिली. शेवटी त्यांनी त्या कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकलो. भीतीनंच भडकलो असणार. "वेडी झालीस का? चिठ्ठ्या बांधण्यापासून इथवर आलीस, आणि एका तारेपायी सगळं टाकतेस?"

"साऱ्या कारखान्याला विचारलं भाऊ मी," ती म्हणाली. "पाहून सांगता का ऐकून. तुम्हालेच कधी नाही विचारलं. तुम्हाले आठवते का कधी विचारलेलं?"

आठवत नव्हतं. अठरा वर्षांत एकदाही नाही. तो मला माझा मान वाटत आला होता.

"काहून नाही विचारलं, तर उत्तर माहीत होतं मला. आणि ते उत्तर मला पाहिजे नव्हतं."

मला रडू आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बहुधा मुद्दामच. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर अधारतालचा पत्ता होता.

"मी जाऊन आली तिच्याकडे. दोन तास बसली. तिनं चहा करून दिला, डाव्या हातानं. दुकानात दोन कूलर होते म्हणे, दुसरा स्वस्त होता. पण याले चिठ्ठी होती, म्हणून हा घेतला."

मी पत्ता वाचून कागदाची पुन्हा घडी घातली.

"तिनं विचारलं, सही कोणाची आहे. मी सांगितलं, आमच्या भाऊंची आहे, ते येतील तुमच्याकडे." तिनं पर्स बंद केली. "मी शब्द देऊन आली भाऊ तुमचा. तुम्हाले न विचारता."

महिनाअखेरीला ती गेली. निरोपसमारंभ नको म्हणाली. आता पांढुर्ण्याला बहिणीकडे असते. तिच्या केबिनमध्ये नवे साहेब आले आहेत. ते सभ्य आहेत, मला 'आप' म्हणतात आणि काही विचारत नाहीत. मी गोदामात पंप मोजतो.

दीक्षितपुऱ्याहून रिछाईला जाताना अधारताल लागतं. रोज दोनदा. ते घर मुख्य रस्त्यापासून तिसऱ्या गल्लीत आहे, हे मला पाठ झालं आहे. गल्लीच्या तोंडाशी आलो की माझी स्कूटर हळू होते. एकदा तर मी ती बंद करून उतरलोही होतो. मग एक रिक्षावाला मागून हॉर्न वाजवायला लागला, आणि मी ती पुन्हा सुरू केली.

चार महिने झाले. ती बाई अजून कोणाची तरी वाट बघत असेल.