पहिल्या पानावरची मोकळी चौकट

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. सोपानरावांच्या उजव्या हाताबद्दल कोणी विचारलं की मी विषय बदलायचो, चहा मागवायचो. दीड महिन्यापूर्वी इंदापूरहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला, "काका, दादा गेले." वडिलांना ती दादा म्हणायची. तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही. सुटलो, असं वाटलं... रडू नंतर आलं. हा क्रम मी लपवणार नाही.

नव्वदच्या दशकात सोपानरावांचा इंदापुरात छापखाना होता. लग्नपत्रिका आणि हँडबिलांवर घर चालायचं, आणि पायानं चालवायच्या त्याच ट्रेडल मशीनवर ते एक चार पानी पाक्षिक काढायचे. त्यात बातम्या नसत, वाढदिवसाच्या शुभेच्छा नसत. कोर्टाचं समन्स आलं तर काय करायचं, उसातल्या साखरेचा उतारा कसा काढतात, एवढंच समजावून सांगायचं. मी भवानीनगरला शाळेत शिकवायचो आणि त्यांच्यासाठी लिहायचो. प्रत्येक लेख छापण्याआधी शेजारच्या पिठाच्या गिरणीत दळणासाठी बसलेल्या बायकांना वाचून दाखवायचा, आणि एकीनं जरी कळलं नाही म्हणून मान हलवली तरी पुन्हा लिहायचा. "मास्तर, ह्ये औषधाच्या बाटलीवरचं वाचताय व्हय?" असं एकदा एकीनं विचारलं, तर सोपानरावांनी जुळवलेलं अख्खं पान मोडलं. ज्या जागेबद्दल लिहायचं तिथं लिहिणाऱ्यानं स्वतः चालत जायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. लेखाखाली नाव नसे. पण चूक झाली, तर लिहिणाऱ्यानं ती पहिल्या पानावर चौकटीत, आपल्या नावानिशी कबूल करायची. "लेखाला नाव नसलं तरी चालंल, चुकीला पायजे," असं ते म्हणायचे.

एका उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी कशी ठरते, यावर मी लेख लिहिला. अंथुर्ण्याच्या बाजूच्या एका चारीचा, म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या पाटाचा, नकाशा त्यात द्यायचा होता, पाणी सोडायचं कुठलं दार मंजूर आणि कुठलं चोरून फोडलेलं, ते दाखवणारा. ऊन मरणाचं होतं. मी चारी चाललो नाही. चहाच्या टपरीवर पाटकऱ्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, गाठलं, त्यानं बोलता बोलता सांगितलं ते कागदावर उतरवलं आणि आठव्या दारापुढं 'मंजुरी नाही' असं लिहिलं. सोपानरावांनी विचारलं, "चारी चाललासा न्हवं?" मी म्हणालो, "शेपटापासून," म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापासून.

आठवं दार मंजूर होतं. चोरीचं होतं ते पुलापलीकडचं नववं.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी शेपटाकडची माणसं ट्रॅक्टर भरून आली. तिथवर पाणी पोचत नव्हतं, पिकं वाळत होती, हातात पहारी आणि कोयते होते, आणि एकाच्या हातात माझा नकाशा. "छापून आलंय!" असं ओरडत त्यांनी आठवं दार फोडायला घेतलं. त्या दारावर ज्याचा मळा भिजायचा तो दत्तू दारावर आडवा पडला. त्याला पहारीनं पाठीत मारलं, केसांना धरून ओढलं, तरी तो दाराचा पाइप सोडेना, म्हणून कोपरावर कोयता घातला. हात कातड्याला लोंबत राहिला. चारीचं पाणी दोन शेतं लाल गेलं, असं पाहणारे सांगतात. बारामतीच्या दवाखान्यात तो हात काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूचे दोघे भाऊ छापखान्यात आले. अंगावर कालचेच सदरे होते, रक्त वाळून कडक झालेले. मी मागच्या खोलीत, पडद्याआड, प्रुफं तपासत होतो.

"कुणी लिवलं ह्ये?"

"मी," सोपानराव म्हणाले. "चूक असंल तर दुरुस्ती छापतो. दाखवा, काय चुकलं?"

"दाखवतो की!"

टाइपाची केस त्यांच्या तोंडावर आदळली. अक्षरांचे शिशाचे खिळे फरशीवर गारांसारखे उडाले, त्यांत दोन दातही होते. मग एकानं त्यांचा उजवा हात ट्रेडलच्या जबड्यात धरला आणि दुसऱ्यानं मशीनचा पायटा दाबला. एकदा, मग पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज पडद्याला अडत नाही. सोपानराव ओरडले ते दुसऱ्या वेळी. त्याआधी त्यांनी पडद्याच्या फटीतून माझ्याकडं पाहिलं होतं. त्या नजरेचा अर्थ मी 'येऊ नका' असा लावला. मला तो सोयीचा होता.

दवाखान्यात ते मला एवढंच म्हणाले, "मास्तर, पुढच्या अंकात चौकट सोडलीय." पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून ते स्वतः ती चारी चालले, डाव्या हातानं खिळे जुळवले आणि खरा नकाशा छापला. त्याखाली चार रेघांची चौकट होती, आत काहीच नव्हतं. गिरणीतल्या बायकांनी विचारलं, "आण्णा, हितं छापायचं ऱ्हायलं जणू?" ते म्हणाले, "मजकूर यायचाय." तीन अंक ती चौकट तशीच निघाली. मग त्यांनी ती काढली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. माझ्याशी पहिल्यासारखेच वागले... तेच सोसायला जड गेलं.

गेल्या हिवाळ्यात शेवटचे भेटलो. माफीचा कागद मी खिशात घालून गेलो होतो. डाव्या हातानं बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "काय बोलायचंय का, मास्तर?" मी म्हणालो, "नाही, सहज आलो."

सुनंदा आता ते जुने अंक इंटरनेटवर चढवते आहे. परवा तिनं विचारलं, "काका, ही मोकळी चौकट काढून टाकू का? दादा म्हणायचे, असू दे, मजकूर यायचाय." ठेव, म्हणालो. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी ती चारी शेपटापासून चाललो. आठव्या दारापाशी दत्तू एका हातानं बारं धरत, पिकाला पाणी देत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लई उशीर केलासा, मास्तर," आणि फावडं उचलून निघून गेला.

चौकटीचा मजकूर सुनंदाकडं दिला आहे: आठवं दार मंजूर होतं, चारी न चालता नकाशा मी काढला, मी, नारायण मास्तर, भवानीनगर. खिशातला कागद मात्र माझ्यापाशीच आहे, घामानं घड्या विरलेला. त्यावर एकच ओळ आहे. सोपानराव, मी पडद्याबाहेर यायला हवं होतं, मला माफ करा.