मान वर, चेंडू खाली

मला आजही कुठल्याही मोकळ्या मैदानात उभं करा, माझी पहिली नजर जमिनीवर जाते. हसा खुशाल. आमच्याकडं उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्यात कोण राहतं ते दिवेलागणीनंतर आम्ही नावानं बोलत नाही. 'लांबडं' म्हणतो. शेरडांमागं चालताना माझ्या चुलतीला लांबडं चावलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. तेव्हापासून आबा, म्हणजे माझे वडील, मला रानात पाठवताना एकच बोलायचे, "पायाखाली बघून चाल गं." मी इतकी बघून चालले की मान वर करायचीच विसरले.

आणि माझ्या नशिबी खेळ कोणता यावा? बास्केटबॉल!

मानवतच्या शाळेत आमचे खेळाचे सर लय कडक. आधी पाया, मग बास्केट. गुडघे वाकवा, चेंडू तळव्यानं थापटू नका, बोटांनी दाबा, कमरेच्या वर उडू देऊ नका, आणि मान वर. बाकी सगळं मला आलं, मान तेवढी वर होईना. सर समोर उभं राहून बोटं दाखवायचे. ड्रिबल करता करता किती ते सांगायचं. मी ठोकून द्यायची, "तीन!" तेव्हा त्यांची मूठ मिटलेली असायची.

"अगं, चेंडू काय पळून जायलाय का? समोर बघ!" सर ओरडायचे.

मी चेंडू बघतच नव्हते हो. कोर्टाच्या कडेला गुडघ्याएवढं गवत माजलेलं, मी ते बघत होते. चेंडू तिकडं गेला की मी आणायला जायचीच नाही. पण हे सांगायचं कुणाला? पोरींनी हसून जीव घेतला असता.

मग जिल्ह्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर ठरली. आबा म्हणाले, "घेतलं तर खेळ. न्हाई घेतलं तर शाळा सुटली की सरळ घरी यायचं." सरावानंतर एसटीतून उतरून मी अंधारात पायवाटेनं घरी यायची, त्याची त्यांना धास्ती होती. मला मात्र खेळ सुटायची धास्ती. निवडीच्या दिवशी सकाळी भाकरी तशीच बाजूला सारली. शेवटी रडतच बोलले, "आबा, मला खाली बघितल्याबिगर राहवत न्हाई. गवत दिसलं की काकू दिसती."

आबा उठले. शेरडं आईवर सोपवली, काठी घेतली आणि माझ्यासोबत एसटीत बसले.

खेळ सुरू झाला. माझी मान खाली, आणि समोरच्या पोरीनं अलगद चेंडू काढून नेला. सरांनी कपाळाला हात लावला. पुन्हा चेंडू माझ्याकडं आला, तो नेमका कडेला, गवताजवळ. मी जागीच थांबले. संपलं, असंच वाटलं.

इतक्यात सपसप आवाज आला. धोतराचा काचा मारून, कमरेत वाकून, आबा गवत काठीनं झोडपत कोर्टाच्या कडेनं चालले होते.

"ओ बाबा, बाजूला व्हा की!" निवड करायला आलेल्या बाई ओरडल्या.

आबांनी ऐकलं न ऐकलं केलं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू वर बघ. खाली मी बघायलोय."

मी मान वर केली. आई गं, केवढं मोठं कोर्ट होतं ते! डावीकडं आमची एक पोरगी हात वर करून एकटीच उभी होती. रोजच उभी राहत असेल बिचारी. मी पास दिला, पळाले, चेंडू परत घेतला आणि बास्केट केली. मग अजून केल्या. गवत कडेला होतंच, पण मान खाली गेली नाही.

सरांनी माझी निवड झाल्याचं सांगितलं, तेव्हाही गवतात काठी चालूच होती.

परतीच्या एसटीत आबांनी हळूच विचारलं, "का गं, एखादी तरी बास्केट झाली का?"