हिरव्या कणांची खोळ

शेणव्याच्या बाईजाला कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ती आधी त्यात डोकावायची, मग नाकाशी न्यायची आणि मगच घोट घ्यायची. लग्नाच्या पंगतीत ती भाताचा घास हुंगत बसली की वाढपी म्हणायचे, "बाईजे, तुझ्या नाकाला येगळं पान वाढू काय गो?" ती रागवायची नाही. "वाढ की," म्हणायची आणि पुन्हा हुंगायची.

त्या नाकानं तिचं घर राखलं होतं, हे मात्र खरं. नवरा लवकर गेला. डोंगराच्या पायथ्याची भाताची थोडी खाचरं आणि अनंता नावाचा एक मुलगा, एवढं तिच्या पदरात टाकून गेला. भेसळीचं तेल तिनं बाजारातच ओळखलं, दमट बियाणं दारातूनच परत पाठवलं. जगाकडे तिरप्या नजरेनं बघत तिनं पोर वाढवलं, त्याचं लग्न केलं, मुरबाडकडच्या टोकावड्याची गोदी सून करून आणली. सुनेच्या मांडीवर आता तान्हा वाळू होता.

लढाईच्या दिवसांत अनंता कल्याणला एका कारखान्यात लागला. पितळेच्या भागांवर निकेलचं पाणी चढवायचं काम. हौदात हिरवंगार पाणी असतं, त्यात कळकट कंदील बुडवून ठेवला की चांदीसारखा लखलखत निघतो, असं तो सांगायचा. गोदी डोळे मोठे करून ऐकायची. बाईजा विचारायची, "पितळेला चांदी म्हनून दाखवायचं, म्हंजे गिऱ्हाइकाला फसवायचंच ना रे?"

आषाढात लावणीच्या तोंडावर अनंता एका दिवसापुरता घरी आला. सोबत दोन रिकामी पोती होती. लढाईमुळं गोणपाट कुठं मिळत नव्हतं आणि ही पोती तर जाड, घट्ट विणीची. बाईजानं ती अंगणात उलटी करून झटकली, तशी तिला ठसका लागला. शिवणीत हिरवे बारीक कण अडकले होते. तिनं पोत्यात नाक खुपसलं. औषधाचा नाही, कुजल्याचा नाही, कसलाच वास नाही.

"साफ हाय," ती म्हणाली, आणि पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून तिनं दोघींसाठी दोन खोळी केल्या. आमच्याकडे लावणीला बाया डोक्यावरून पाठीवर अशी पोत्याची खोळ घेऊनच चिखलात वाकतात. अनंता काहीतरी बोलायला गेला आणि सदऱ्याची बाही मनगटावर ओढत राहिला. त्यानं लांब बाह्यांचा सदरा घातला होता, जेवतानाही बाह्या वर केल्या नव्हत्या. बाईजाच्या नजरेतून ते सुटलं नाही. पोरानं हातावर कुण्या बाईचं नाव गोंदवून घेतलं असणार, असा तिनं मनाशी हिशेब केला. तो कल्याणला गेल्यावरही तिच्या मनात ते कुसळासारखं टोचत राहिलं.

गोदी नवी खोळ घेऊन शेतात उतरली. बाईजानं आपली नवी खोळ खुंटीला टांगून जुनीच वापरली. लावणी निम्म्यावर आली तोवर गोदीचं कपाळ, कानामागची जागा, मान लालभडक झाली. बारीक फोड उठले, त्यांतून पाणी पाझरू लागलं. ती रात्र रात्र खाजवत बसायची. खोळ घेतली की कपाळ पेटतं, असं तिनं एकदा सासूला सांगूनही पाहिलं. बाईजाला वाटलं, चिखलातून सुटायचं निमित्त काढते आहे. पण फोड खोटे नव्हते, आणि मग बाईजाच्या मनात दुसराच संशय उठला. गोदीची एक आत्या म्हणे घराबाहेर, रानातल्या खोपटात मेली होती. लग्नाच्या वेळी त्यावर कुणी नीट बोललं नव्हतं.

"तुमच्या घरात रक्तपिती हाय," बाईजा म्हणाली. "आमच्यापासून लपवलीत."

गोदीनं वाळूची शपथ घेतली. बाईजानं शपथेकडं पाहिलं नाही. सुनेचं ताट वेगळं झालं, तिची चटई गोठ्याच्या पडवीत गेली. आणि बाईजानं तान्ह्याला उचलून आपल्या उशाशी घेतलं. त्याला शेळीचं दूध कापडाच्या बोळ्यानं पाजायला लागली. पोर रडायचं, पडवीत गोदीची चोळी भिजायची, आणि मधल्या भिंतीला कान लावून बाईजा बसायची, की ही चोरून येते का. टोकावड्याला निरोप गेला. काळू नदीचं पाणी उतरलं की सुनेच्या भावानं, नामानं, तिला घेऊन जावं. मूल इथंच राहील.

गोदीच्या वाटणीची लावणी आता बाईजावर पडली. जुनी खोळ फाटली होती. गोदीच्या खोळीला हात लावायची तिची छाती नव्हती, म्हणून तिनं खुंटीवरची आपली कोरी खोळ घेतली. थोड्याच दिवसांत तिचंही कपाळ चुरचुरू लागलं. मग कानामागं फोड आले. सुनेनं आपल्याला रोग दिला, म्हणून ती पडवीकडं तोंड करून शिव्या देत राहिली.

पण संशय हा तिचा जन्माचा सोबती. तो तिलाही सोडीना. वाळूचं अंग पुसताना तिचा हात थांबला. पोर आईच्या छातीशी किती दिवस चिकटून होतं, आणि त्याच्या अंगावर एक पुटकुळी नाही. रोग गोदीचा असता, तर आधी पोराला लागला असता. तिनं पाण्यात वाकून आपलं तोंड पाहिलं. लाल पट्टा कपाळावर जिथं खोळीची कड बसते तिथंच होता. पट्ट्याखालची, खोळ न लागणारी कातडी स्वच्छ होती. तिनं खोळ पुन्हा नाकाशी नेली. आताही कसलाच वास नव्हता, आणि पहिल्यांदाच तिला त्याची भीती वाटली.

अनंताला बोलावणं गेलं. तो आला तसं बाईजानं त्याची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत तेच लाल, तेच सुकलेले फोड, खाजवून खरडलेली कातडी.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात त्याला निकेलची खाज म्हणतात. हौदातल्या हिरव्या मिठाचं पाणी घामेजल्या अंगाला लागलं की उठते, आणि एकदा अंगानं धरली की पुढं जरासं लागलं तरी परत येते. म्हातारा मिस्त्री रोज बजावतो, मीठ ओतताना तोंडाला ओलं फडकं बांधा, भुकटी छातीत जाऊ देऊ नका, साबणानं हात धुतल्याशिवाय बिडीही ओढू नका, कामाचे कपडे कामावरच सोडा. हातमोजे सगळ्यांना पुरत नाहीत. मिठाची रिकामी पोती घरी न्यायची नाहीत, हेही त्यानं सांगितलं होतं.

"मग आनलीस का?"

"पावसात धुऊन निघतील असं वाटलं. आन् तुला हात दाखवले असते, तर तू मला कामावर जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं," बाईजा म्हणाली.

पोती तिनं ओढ्यात धुवायला काढली, तर अनंतानं अडवली. ते पाणी गुरं पितात. धूर छातीत जाईल म्हणून चुलीतही घालू दिली नाहीत. जुन्या घोंगडीत घट्ट गुंडाळून तो ती परत घेऊन गेला.

वाळूला बाईजानं पडवीत नेऊन गोदीच्या मांडीवर ठेवलं. गोदीनं पदर ओढून पोराला छातीशी घेतलं आणि पाठ फिरवली.

नदी उतरल्यावर नामा आला. आता न्यायची गरज नाही, सगळा गैरसमज होता, असं बाईजानं त्याला सांगून पाहिलं. पण गोदीनं गाठोडं बांधलं होतं.

"पोर घेऊन जातंय मी, आत्याबाय. अंग साफ झाल्यावर यीन. पन न्यायला तुमी यायचं. ह्यांना धाडलं तर यायची नाय."

भात कापून झालं तेव्हा बाईजा पायी टोकावड्याला निघाली. तिथं सगळ्या आळीला तिनं धाडलेला रक्तपितीचा निरोप ठाऊक होता. ओट्यांवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. गोदीची आई जिवली अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. वाळू तिच्या पायाशी रांगत होता. बाईजा त्याला घ्यायला वाकली, तशी जिवली मधे आली.

"थांबा येहीनबाय. आधी मान दाखवा."

आळीतल्या बाया जवळ सरकल्या. बाईजा क्षणभर तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली, डोक्यावरचा पदर खाली घेतला, कान पुढं दाबून धरला आणि उन्हात उभी राहिली. जिवली सावकाश पाहत होती. कपाळ, कानामागं, पुन्हा कपाळ. बाईजानं तिला घाई केली नाही.