देवाआधी स्वेटर काढायचा नाही

हसवणे हा आमच्या मंडळाचा उद्देश नाही. ते हरिपाठ मंडळ आहे. तरीही किस्से साठतात. लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेसारखे त्यांचे असते. एक ओढावा, तर त्याच्या बाहीत अडकून दुसरा बाहेर येतो. अंदमानच्या सहलीनंतर ही ट्रंक झाकण लागू नये इतकी भरली आहे. म्हणून चार किस्से बाहेर काढतो. जास्त निघाले, तर दोष सहलीचा.

आधी नियम सांगितला पाहिजे. बेलापूरला आमच्या गल्लीत बाळकृष्णाचे देऊळ आहे. चंपाषष्ठीला देवाच्या अंगात स्वेटर चढतो, तो रथसप्तमीला उतरतो. तोपर्यंत मंडळातील कोणीही चारचौघांत आपले लोकरीचे कपडे उतरवायचे नाहीत. देव थंडीत आणि भक्त मोकळा, हे शोभत नाही. नियम मी केलेला नाही. तो मंडळाइतकाच जुना आहे. मी फक्त तो मोडू देत नाही.

सहल पौषात ठरली. रथसप्तमी परतल्यावर येणार होती. आणि देवाला घरी ठेवून मंडळ कुठे जात नाही, म्हणून पितळेची उत्सवमूर्ती सोबत निघाली. स्वेटरसह.

*

शिर्डीचा ट्रॅव्हल्सवाला सचिन देवळात माहिती द्यायला आला. बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तो म्हणाला, "काका, तिकडे गरम असतं. सुती कपडे घ्या."

काशिनाथअप्पा हे आमचे टाळकरी. ऊस आणि गहू सोडून त्यांनी फारसे काही पाहिलेले नाही. समुद्र तर मुळीच नाही. "आयुष्यात एकदा समिंदरात बुडी मारायची," एवढ्यासाठी ते सहलीला तयार झाले होते. त्यांनी विचारले, "पौषात गरम?"

"हो अप्पा."

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मागून कडाडल्या, "आवो, पौष काय फकस्त बेलापूरला लागतो का? पंचांग समद्या देशाला एकच हाय!"

सचिनने माझ्याकडे पाहिले. पंचांग माझ्याच हातात होते. त्यात अंदमानचा वेगळा पौष दिलेला नव्हता.

सगळ्यांनी गोधड्या बांधल्या.

*

विमानात एका बॅगेला पंधरा किलोंची मर्यादा असते. पार्वतीबाईंची गोधडी एकटीच त्या मर्यादेचा अपमान करणारी होती. त्यावर त्यांनी उपाय काढला. बॅगेतले जे जड, ते अप्पांच्या अंगावर! पुण्याच्या विमानतळावर अप्पा तीन स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून उभे राहिले. हात शरीराला टेकत नव्हते.

तपासणीचा जवान म्हणाला, "बाबा, स्वेटर उतारो."

अप्पांनी मागे वळून मला विचारले, "देवाचा निघाला का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग माझा बी न्हाई!"

एवढ्यात देवाचा डबा यंत्रातून बाहेर आला. जवानाने तो उघडायला लावला. डबा वत्सलाताईंकडे होता. देवाचा स्वेटर दरवर्षी त्याच विणतात.

"ये किसका स्वेटर है?"

"उनकाच है," वत्सलाताईंनी देवाकडे बोट दाखवले.

जवानाने आत पाहिले. हात जोडले. मग हातातले यंत्र अप्पांच्या स्वेटरांवरून वरून खाली, खालून वर फिरवले, आणि अत्यंत आदराने विचारले,

"बाबा, अंदर आप ही हो ना?"

*

शेजारच्या आसनावर कुलकर्णी होते. शुगर फॅक्टरीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आकडा ऐकला की ते झोपेतही भागाकार करतात. विमान उतरताना घोषणा झाली, की बाहेरचे तापमान तीस अंश आहे.

कुलकर्णी दचकून उठले. "किती म्हणाली ती?"

"तीस."

"सकाळी निघताना मोबाईलवर सात होतं!" ते मफलर शोधू लागले. "मास्तर, कान बांधा. चौपटीच्या वर गेलीय थंडी!"

*

दार उघडले आणि अंदमानची हवा आत आली. बंब पेटलेल्या न्हाणीघरात शिरावे तसे झाले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मफलर नीट केला आणि उतरलो. नियम सोयीचा असताना कोणीही पाळतो.

हॉटेलबाहेर एक शहाळेवाला होता. कानटोप्यांची रांग पाहून त्याने अप्पांना विचारले, "कश्मीर से आये हो क्या?"

"नाय. बेलापूर."

"उधर बरफ गिरता है?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. खोटे बोलणे त्यांना जमत नाही. "गिरता नहीं," ते म्हणाले, "गोळेवाला लाता है!"

*

चूक कबूल करण्यापेक्षा जग बदलणे माणसाला सोपे वाटते. कुलकर्णींनी खोलीत शिरताच एसी सोळावर नेला, दोन गोधड्या पांघरल्या आणि समाधानाने म्हणाले, "बघा मास्तर! आता आपलं पॅकिंग बरोबर ठरलं की नाही?"

मी त्यांना बोललो. परंतु खोली खरोखर पौषातल्या बेलापूरसारखी झाली होती. देवाच्या अंगात स्वेटर होता. मी थोडा विचार केला आणि देवाचा मुक्काम कुलकर्णींच्या खोलीत हलवला.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. निळे पाणी, पांढरी वाळू, आणि वाळूवर स्वेटरमध्ये घामाघूम झालेले हरिपाठ मंडळ. अप्पा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. लाट आली की मागे सरत, गेली की पुढे होत.

"मास्तर, आंघोळीला सूट हाय ना नियमात?"

"न्हाणीघरात. चारचौघांत नाही."

"बघा की, अप्पांपुरतं काही होतं का," वत्सलाताई हळूच म्हणाल्या.

"एकापुरता नियम नसतो."

पार्वतीबाईंनी माझीच बाजू घेतली, "आधी देवाचा निघू द्या, मंग तुमचा. देव घालून बसलाय अन् तुमी उघडं नाचायचं व्हय?"

अप्पांनी पुन्हा विचारले, "रथसप्तमी कधी हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"अन् आपण परत कधी जायचं?"

"उद्या दुपारी."

अप्पा बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. मग ते वळले आणि म्हणाले,

"मंग ह्यालाच सांगा, बेलापूरला ये म्हनाव!"

*

शेवटच्या दिवशी सकाळची आरती किनाऱ्यावर करायचे ठरले. मंडळी वाळूवर जमली. अप्पा टाळ घेऊन एका बाजूला उभे होते, समुद्राकडे पाठ करून. कुलकर्णी आपल्या खोलीतून देवाला थेट घेऊन आले. वत्सलाताईंनी पाटावर मूर्ती ठेवली, उदबत्ती लावली, गंध लावायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"मास्तर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "इकडे या."

मी गेलो. देवाच्या कपाळावर थेंब होते. गालांवर होते. एक थेंब हनुवटीवरून ओघळला आणि स्वेटरच्या गळ्यात मुरला.

"देवाला घाम आलाय!"

मंडळ भोवती गोळा झाले. पार्वतीबाईंनी पदर पुढे करून देवाचे कपाळ टिपले. आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा ओले झाले.

कुलकर्णींनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, रात्रभर एसीत असलेलं पितळ एकदम दमट हवेत आणलं, की हवेतली..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे.

"कुलकर्णी," मी म्हणालो, "आरतीच्या वेळी बोलू नये."

मग वत्सलाताईंना सांगितले, "देवाचा स्वेटर काढा."

त्यांनी दोन्ही हातांनी, लहान मुलाचा काढावा तसा, तो देवाच्या डोक्यावरून काढला. मी डोळे मिटून आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला एक टाळ कमी वाजतो आहे, हे माझ्या ध्यानात आले. मी डोळे उघडले.

वाळूवर एकामागे एक तीन स्वेटर पडले होते. त्यांच्यापुढे मफलर, मफलरपुढे कानटोपी, कानटोपीत टाळ. आणि पुढे, कमरेइतक्या पाण्यात, आमचे अप्पा! त्यांनी नाक धरले, बुडी मारली, वर आले, आणि डोळे विस्फारून किनाऱ्याकडे ओरडले,

"अगं ये! एवढा मोठा बंब कुनी पेटवलाय गं?"